बंगालच्या वाटेवरचा अंताजी

(हुडकेश्वर येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीला निघाली. पाते युरोपीय बनावटीचे, म्हणून ती फिरंग. त्यावर देवनागरीत नागपूरकर राघोजी भोसल्यांचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली. नागपूरला आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. ज्या बंगालच्या मोहिमांमुळे राघोजींचे नाव मराठी मुलखाबाहेर दुमदुमले, त्यांचे काय, हा प्रश्न मात्र या आनंदात सहसा कुणी विचारत नाही.

हुडकेश्वरला तर तो विचारायला मुद्दाम कारण आहे. २०१३ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले हे गाव. शेते गेली, ले-आऊट पडले, प्लॉटवर घरे उठली. इथला माणूस कामासाठी महालाकडे निघाला की म्हाळगीनगर चौक मागे टाकून सक्करदऱ्यावरून जातो, आणि त्याच बाजूला रघुजीनगर आहे. म्हणजे राघोजी भोसले या भागातल्या लोकांच्या पत्त्यात आहेत, ऑटोवाल्याच्या तोंडात आहेत. शाळेतल्या इतिहासात मात्र ते एका वाक्यापुरते येतात: राघोजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि ओरिसा मिळवला. त्या एका वाक्याच्या पोटात दहा वर्षांचा धुमाकूळ आहे, दगाफटका आहे, उपासमार आहे, अपार लूट आहे. त्यात उतरायला मराठीत एक कादंबरी आहे, आणि तीही नागपूरच्याच माणसाने लिहिलेली. नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. ती १९९७ साली आली.

अनंत यशवंत ऊर्फ नंदा खरे यांचा जन्म १९४६ चा, मृत्यू २२ जुलै २०२२ रोजी. मुंबईच्या आयआयटीतून त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आयुष्यातली उमेदीची वर्षे धरणे, पूल आणि बांधकामे यांत गेली. त्या अनुभवांवर त्यांचे 'दगडावर दगड, विटेवर वीट' हे पुस्तक आहे. पुढे नागपूरहून निघणाऱ्या 'आजचा सुधारक' या विवेकवादी मासिकाचे संपादन त्यांनी केले. 'उद्या' या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो शांतपणे नाकारला. समाजाने आपल्याला पुरेसे दिले आहे, आता पुरस्कार घ्यायचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांतून त्या नकाराची जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यांच्या पुस्तकांची झाली असती तर बरे झाले असते.

अंताजीकडे येण्याआधी मराठी वाचक साहसकथेत कुणाकुणाच्या संगतीत वाढला ते आठवून पाहावे. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले मानी तरुण. नाथमाधवांचा वीरधवल. हे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली कायमचे अधू झाले. घोडदौडी आणि तलवारबाजी त्यांनी लिहिली ती या अवस्थेत. नंतर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड. मग भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला काटकुळा पोरगा, सायकलवर टांग टाकून संकटाच्या दिशेने सुटणारा. फुरसुंगी हेही शहराने गिळलेलेच गाव, हे हुडकेश्वरकरांना आवडावे.

हे सगळे वेगवेगळे असले तरी एका बाबतीत एका माळेचे मणी आहेत. ते निर्भय आहेत आणि योग्य बाजूला आहेत. वाचकाला कधी आपला नायक चुकीच्या छावणीत तर नाही ना, अशी शंका येत नाही. बनेश फेणेच्या जिभेचा 'ट्टॉक' ऐकू आला की चोर पकडला जाणार, हे नक्की. साहसकथेची मजा याच भरवशावर उभी असते आणि त्या मजेला कुणी नाक मुरडू नये.

अंताजी हा भरवसा देत नाही.

कादंबरीचे कथानक इथे सांगायचे नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा हक्क व्याख्यात्याला नसतो. एवढेच सांगायला हवे की बखर सांगणारा अंताजी हा सरदार नाही, मुत्सद्दी नाही, संतही नाही. मोठ्या माणसांच्या मोठ्या उलाढालींच्या कडेकडेने जगणारा, जीव आणि कातडी सांभाळणारा, डोळे उघडे आणि जीभ तिखट असलेला माणूस आहे. गोष्ट तो स्वतःच्या तोंडून सांगतो. पराक्रमाचा आव आणत नाही आणि इतरांनी आणला तर त्याला हसू येते. वाचक सुरुवातीला त्याच्याबरोबर चालतो तो गंमत म्हणून. पुढे लक्षात येते की हा माणूस सोबत नसता तर त्या काळात पाऊल टाकायची आपली हिंमत झाली नसती.

तो काळ कसा होता ते नीट पाहिल्याशिवाय अंताजीची किंमत कळत नाही, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे. कादंबरीतले प्रसंग आणि पुढे सांगितलेला इतिहास एकच आहेत असे समजू नये. हा इतिहास कागदपत्रांतला आहे. यादव माधव काळे यांच्या 'नागपूर प्रांताचा इतिहास' या १९३४ च्या ग्रंथापासून जदुनाथ सरकारांपर्यंत अनेकांनी तो मांडला आहे.

१७४० मध्ये अलीवर्दीखानाने आपल्याच धन्याच्या मुलाला, सर्फराजखानाला, गिरियाच्या लढाईत मारून बंगालची सुभेदारी बळकावली. ओरिसातल्या त्याच्या विरोधकांपैकी मीर हबीब नावाचा एक हुशार, कडवा माणूस मराठ्यांना येऊन मिळाला. १७४२ च्या उन्हाळ्यात राघोजींचा दिवाण भास्करराम कोल्हटकर पंचेतच्या डोंगराळ वाटेने बंगालात उतरला. नागपूरपासून मुर्शिदाबाद हजार किलोमीटरच्या वर. मधे छत्तीसगड, छोटा नागपूरची जंगले, नद्या. तोफखाना नाही, रसद नाही, घोडा आणि भाला एवढ्याच भांडवलावर ही फौज वर्धमानला पोचली आणि अलीवर्दीला तिने कोंडीत पकडले. अन्न तोडले. नवाबाच्या माणसांवर झाडपाला खायची वेळ आली, असे वर्णन मिळते. तो कसाबसा कटव्यापर्यंत मागे हटला. मे महिन्यात मीर हबीबने मराठ्यांची एक तुकडी थेट मुर्शिदाबादेत नेली आणि जगत्‌शेठच्या पेढीतून तीन लाख रुपये उचलून आणले.

पावसाळाभर कटव्याला छावणी पडली. तिथे भास्कररामाने काय करावे? त्याने दुर्गापूजा मांडली. गंगाकाठी दाईंहाट येथे, बंगाली थाटात, आसपासच्या जमीनदारांकडून वर्गणी वसूल करून. कोकणस्थ ब्राह्मण, नागपूरकरांचा दिवाण, परक्या मुलखात खंडणी गोळा करता करता तिथल्याच देवीचा उत्सव करतो आहे. आणि उत्सव ऐन रंगात असताना सप्टेंबरच्या अखेरीस अलीवर्दीने रात्रीत नदी ओलांडून छावणीवर झडप घातली. पूजा अर्धी टाकून मराठे पळाले. हा एक प्रसंग घेतला तरी त्यात अख्खी कादंबरी दडलेली आहे. भक्ती, मिजास, गाफीलपणा आणि पळापळ, सगळे एकाच मांडवात. शूर नायक असता तर लेखकाला हा प्रसंग एक तर गाळावा लागला असता, नाही तर त्याची शोकांतिका करावी लागली असती. अंताजीसारखा माणूस मांडवाच्या दाराशी उभा असला की तो जसाच्या तसा दिसतो.

पुढच्या वर्षी गंमत आणखी वाढली. १७४३ मध्ये राघोजी स्वतः बंगालात गेले, तर त्यांना हुसकायला बादशहाच्या वतीने कोण आले? बाळाजी बाजीराव पेशवे. मार्च १७४३ च्या अखेरीस प्लासीच्या परिसरात पेशवे आणि अलीवर्दी भेटले. नवाबाने छत्रपती शाहूंना चौथाई आणि पेशव्यांना मोहिमेच्या खर्चाचे बावीस लाख रुपये कबूल केले. मग पेशव्यांनी राघोजींचा पाठलाग केला. मराठ्यांनी मराठ्यांना बंगालबाहेर काढले आणि त्याचे भाडे नवाबाने भरले! शेवटी शाहूंनी त्याच वर्षी दोघांत मुलूख वाटून दिला आणि पूर्वेचा वाटा राघोजींकडे आला. चौदा वर्षांनी, २३ जून १७५७ रोजी, त्याच प्लासीला क्लाइव्हने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे.

भास्करराम १७४४ ला पुन्हा बंगालात गेला. अलीवर्दीकडे आता पैसाही नव्हता आणि दमही. त्याने चौथाईच्या बोलण्यासाठी मनकरा येथे तंबू ठोकला, शपथा घेतल्या, आणि ३१ मार्चला भास्कररामाला वीसेक सरदारांसह तंबूत कापून काढले. पडद्यामागे माणसे दडवलेली होती. छावणीत मागे राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा उरली फौज घेऊन निसटला. प्रतापगडाच्या पायथ्याचा तंबू प्रत्येक मराठी पोराला पाठ असतो. मनकऱ्याचा तंबू नागपुरातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. हरलेल्या बाजूचे तंबू लक्षात ठेवायला बहुधा कादंबरीकारच लागतो.

सूड म्हणून राघोजी पुन्हा गेले, पुन्हा पुन्हा फौजा गेल्या आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीने हात टेकले. वर्षाला बारा लाख चौथाई आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओरिसा. १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत कटक आणि जगन्नाथपुरी नागपूरकरांकडे राहिले. पुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून मराठ्यांच्याच काळात तिथे आला. नागपूरहून पुरीला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे कुणी सांगत नाही.

आता दुसरी बाजू. बंगाली आया लेकरांना निजवताना ज्या अंगाईतून 'बर्गी' आल्याची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे नागपूरकरांचे बारगीर. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४३ मध्ये त्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे आले नाहीत, काम तिथेच थांबले. खंदक पुढे बुजवला गेला, त्यावरून सर्क्युलर रोड धावू लागला, आणि बागबाजारात 'मराठा डिच लेन' हे गल्लीचे नाव राहून गेले. गंगाराम नावाच्या कवीने त्याच पिढीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. त्यातली मराठी फौज गावे जाळते, माणसांचे हात-नाक कापते, बायकांवर अत्याचार करते, रुपये दे म्हणून लोकांना पाण्यात बुडवते. मनकऱ्याच्या हत्येपाशी येऊन ते थांबते. कवी कदाचित काही वाढवून सांगत असेल. इंग्रज आणि डच वखारींच्या पत्रांतूनही याच काळातली उद्ध्वस्त गावे, पळालेले विणकर आणि बुडालेला व्यापार दिसतो. तेव्हा सगळेच वाढवून सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात हा भाग सांगताना दोन युक्त्या सर्रास वापरल्या जातात. पहिली: 'त्या काळी सगळेच तसे करत.' दुसरी: 'मीर हबीबने करवले.' दोन्हींत तथ्याचा अंश आहे. पण या दोन वाक्यांवर कुणाला कादंबरी लिहिता येणार नाही. देशाभिमानी नायक घेतला तर त्याच्या हातून गाव जाळायचे कसे? खलनायक घेतला तर मराठी वाचक त्याला आपला म्हणणार नाही आणि पुस्तक मिटून ठेवील. नंदा खऱ्यांनी वाट काढली ती माणूस निवडून. अंताजी आपलाच आहे, मराठीच बोलतो, भूक लागली की आपल्यासारखाच कावतो. फौजेबरोबर गेल्याचा दोष त्याला चिकटतो, वाचकालाही चिकटतो. तो उपदेश करत नाही म्हणून त्याने पाहिलेले टाळता येत नाही. या कादंबरीविषयी सांगायची मुख्य गोष्ट हीच: नागपूरच्या सर्वांत धाडसी आणि सर्वांत लाजिरवाण्या प्रकरणात मराठी वाचकाला तिने आत नेले, आणि तसे नेण्यासाठी तिला धाडसी नसलेला माणूसच हवा होता.

इंग्रजीत या जातकुळीचा एक प्रसिद्ध इसम आहे. जॉर्ज मॅकडॉनल्ड फ्रेझर यांचा फ्लॅशमन, १९६९ पासूनचा. 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज' मधला शाळेतून हाकललेला दांडगा पोरगा फ्रेझर यांनी उचलला आणि साम्राज्याच्या सगळ्या लढायांत नेऊन सोडला. हा भित्रा, लंपट माणूस प्रत्येक वेळी पदक मिळवून परत येतो. जुने कागद सापडल्याचा बहाणा इतका बेमालूम होता की काही अमेरिकी समीक्षकांनी ते खरेच आत्मचरित्र समजून परीक्षणे लिहिली. फ्लॅशमन वाचताना हसू येते, आणि हसता हसता साम्राज्याची पोल दिसते. पण फ्लॅशमन अखेर जिंकणाऱ्यांच्या बाजूला आहे. त्याच्या निर्लज्जपणाला साम्राज्याची गादी आहे. अंताजीची बाजू पुढच्या साठ वर्षांत नामशेष होणार आहे आणि वाचकाला ते आधीच ठाऊक आहे. त्यामुळे त्याच्या विनोदाची चव कडवट लागते, आणि ती अधिक काळ राहते.

खऱ्यांनी वापरलेले बखरीचे रूपही नुसती नक्कल नव्हे. नागपूरला बखरीची स्वतःची परंपरा आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली ती इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या सांगण्यावरून. म्हणजे राज्य हातचे जात असताना, राज्य घेणाऱ्याला आधीच्या मालकांची हकिकत लिहून द्यायची! बखर सहसा अशीच कुणाच्या तरी आज्ञेने लिहिली जाते आणि आज्ञा देणाऱ्याचे मन राखून चालते. अंताजीला आज्ञा देणारा कुणी नाही. दरबारी बखरीत ज्यांना जागा नसते ते बुणगे, बाजारातले लोक, पोटासाठी वणवणणारे इथे आत येतात.

शिवाय लेखक इंजिनिअर आहे, हे पानोपानी जाणवते. मोठी फौज म्हणजे रोज किती दाणावैरण, नदीला उतार कुठे, पैसा कुणाच्या पेढीवरून कुठे फिरतो, वखारीतल्या इंग्रजाला नफा कशात दिसतो, असे प्रश्न त्याला सोडत नाहीत. ऐतिहासिक कादंबरीत आपल्याकडे भावनांचे हिशेब काटेकोर असतात आणि धान्याचे अजिबात नसतात. खऱ्यांकडे उलटे आहे.

दोष नाहीत असे नाही. नावांची गर्दी आहे, आणि इतिहासाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाला सुरुवातीला दम लागतो. अंताजीच्या तिखट बोलण्यामागून कधी कधी विसाव्या शतकातला विवेकवादी संपादकच बोलतो आहे असे वाटते. अठराव्या शतकातल्या माणसाला इतके सगळे इतके स्वच्छ कळत असेल का, अशी शंका डोकावते. कारुण्याच्या जागी लेखक थांबत नाही, चटकन पुढे जातो. काही वाचकांना हे कोरडे वाटेल. ज्यांना ऐतिहासिक कादंबरीत पल्लेदार संवाद आणि डोळ्यांत पाणी हवे असते त्यांनी हे पुस्तक हातात घेण्याआधी विचार करावा.

हे सगळे नागपुरात बोलायला संकोच वाटू नये. हे शहर आपल्या राज्यकर्त्यांचा निकाल रस्त्यावर लावणारे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत निघते ती १८८१ पासून, आणि इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या बाकाबाई भोसले यांच्या निषेधार्थ ती सुरू झाली असे जुने लोक सांगतात. भोसल्यांच्या गावात भोसल्यांच्याच राणीची मारबत निघते आणि भोसल्यांच्याच तलवारीचे कौतुकही होते. दोन्ही एकाच गावाला जमते. मग अंताजीही जमायला हरकत नाही.

'बखर अंतकाळाची' हा दुसरा भाग २०१० साली आला. नावाप्रमाणे तो मराठी सत्तेच्या शेवटाकडे जातो आणि पहिल्यापेक्षा अधिक उदास आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचावेत, मधे वर्षभराची सुट्टी घेऊ नये.

या व्याख्यानमालेच्या आयोजकांना एक विनंती. धंतोलीत बंगाली मंडळींचा दुर्गोत्सव कित्येक वर्षांपासून होतो. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळापासून त्यांची घरे या शहरात आहेत. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी ज्यांना गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' मूळ बंगालीतून वाचता येते अशा एखाद्या वाचकाला हुडकेश्वरला बोलवावे. त्यांनी गंगाराम वाचून दाखवावा, इथल्या कुणी अंताजी वाचून दाखवावा, आणि प्रश्नोत्तरांना पुरेसा वेळ ठेवावा. तोपर्यंत वाचनालयाने अंताजीच्या दोन्ही बखरींच्या निदान तीन-तीन प्रती घ्याव्यात, कारण एक प्रत घेतली की ती परत येत नाही.